सावकाशरावांचा गालिचा

आमच्या भावजींना डेपोत कोणी नावाने हाक मारत नाही. सगळे त्यांना सावकाशराव म्हणतात. प्रवासी बसमधून उतरायला लागला की मागे वळूनही न बघता ते म्हणणार, "सावकाश." उतरणारा म्हातारा असो नाहीतर उड्या मारणारं पोर, शब्द तोच. एकदा डेपोचे साहेब खुर्चीतून उठले तेव्हाही भावजींच्या तोंडून सवयीने तो शब्द निसटला. साहेबांना वाटलं, हा माणूस आपल्याला धमकी देतोय.

भावजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. मी घाटाच्या वरच्या गावात दवाखान्यात नर्स आहे. तिथे मी अख्ख्या गावाची सिस्टर, आणि खाली घरी एकीचीच बहीण, तीही शेंडेफळ. लग्नाच्या फंदात मी पडले नाही. ताईच्या घरातली मागची खोली माझी. रोज सकाळी भावजींच्या बसने घाट चढायचा आणि संध्याकाळी त्यांच्याच बसने उतरायचा, हा माझा शिरस्ता. त्यामुळे या माणसाला मी घरात जितकं पाहिलंय त्याहून जास्त त्याच्या पाठीमागच्या सीटवरून पाहिलंय, आणि माणूस पाठीमागूनच बरा कळतो असं माझं मत आहे.

घाट म्हणावा तर एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला दरी आणि दोघांचं भागून जे उरलं तो रस्ता. कठडा म्हणून दगड रचलेत. ते गाडी अडवायला नाहीत, दरी कुठे सुरू होते ते कळावं म्हणून आहेत. दोन मोठ्या गाड्या समोरासमोर आल्या की एकीला मागे सरावंच लागतं. तिथला नियम असा, की चढणाऱ्याचा मान पहिला. भरलेली गाडी चढावर थांबली तर पुन्हा निघेल याची खात्री नाही, म्हणून उतरणाऱ्याने मागे जायचं.

या रस्त्यावर भावजींची शिस्त ठरलेली. ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचं. ब्रेकला होता होईल तो पाय लावायचा नाही. ते म्हणायचे, "ब्रेक म्हणजे बापाचा राग. अधूनमधून दाखवला तर कामाचा. सारखाच दाखवला तर पोरं विचारत नाहीत." उतरताना निम्म्या वाटेवर झऱ्यापाशी बस थांबवायची, चाकाखाली दगड लावायचा आणि एकेका चाकापाशी वाकून वास घ्यायचा, ब्रेक तापलेत का ते बघायला. मागून येणारे हॉर्न वाजवून जीव खायचे, हे आपले वास घेत फिरतायत.

मी एकदा म्हटलं, "भावजी, ताईच्या स्वयंपाकाला कधी इतकं नाक लावलं नाहीत."

"तो जळेल अशी भीती नसते ना," ते म्हणाले. हे मी घरी जाऊन ताईला सांगितलं, तर ती दोन दिवस खुशीत होती.

ताई मात्र त्यांच्या बसमध्ये कधीच बसली नव्हती. इतकी वर्षं संसार झाला, पण घाट तिने खालूनच पाहिला. "मला तो घरी बसूनच पुरतो," असं ती म्हणायची. संध्याकाळी बस यायच्या वेळेला ती कपड्यांच्या घड्या घालत बसायची. आम्ही दोघं दारात दिसलो की अर्धवट घडी तशीच टाकून उठायची. मी तिची यावरून फार थट्टा केली आहे.

त्या घाटात सगळ्यात वाईट वळण म्हणजे कोपर. हात कोपरात दुमडावा तसा रस्ता तिथे दुमडतो. तिथे गाडी मागे घ्यायची वेळ आली की ड्रायव्हरला आरशात फक्त आभाळ दिसतं. त्याचे डोळे म्हणजे कंडक्टर. कंडक्टरने खाली उतरायचं, मागे उभं राहायचं आणि ओरडायचं. "येऊ द्या, येऊ द्या," म्हणजे मागे या. "बास," म्हणजे थांबा. समोरची गाडी पूर्ण पार झाली की "जाऊ द्या," म्हणजे आता पुढे घ्या. शिट्टी चालत नाही, कारण त्या उतारावर गुराखीही शिट्ट्या मारतात आणि कोणती शिट्टी गाईसाठी, कोणती भावजींसाठी, ते कळायचं नाही.

आमच्या कंडक्टरबाईंचा आवाज असा, की कोपरावर बोलल्या तर झऱ्यावर ऐकू जावं. वयाने त्या भावजींच्या मुलीसारख्या. त्या त्यांना काका म्हणायच्या आणि भावजी त्यांना बाई म्हणून अहोजाहो करायचे. त्या "येऊ द्या" म्हणाल्या की भावजी एकदाही मान न वळवता बस मागे न्यायचे. इतका विश्वास मी नवराबायकोतही क्वचित पाहिलाय.

त्या दिवशी आम्ही उतरत होतो. कोपराच्या तोंडाशी खालून लोखंडी पाइप भरलेला ट्रक आला. भावजींनी बस मागे घेतली. बाई खाली उतरल्या. "येऊ द्या, येऊ द्या, बास." बस दरीच्या अंगाला उभी राहिली आणि ट्रक डोंगराच्या अंगाने सरकू लागला. पाइप इतके लांब, की ट्रक संपला तरी पाइप संपेनात. तेवढ्यात आमच्यातलाच एक प्रवासी, पाय मोकळे करायला उतरलेला, ट्रकवाल्यावर खेकसला, "रस्ता काय सासऱ्याने आंदण दिलाय का तुला?" ट्रकवाल्यानेही याच्या सासऱ्याचा समाचार घेतला. शब्दाने शब्द वाढत गेला. शेवटी बाई मध्ये पडल्या आणि आपल्या त्या खणखणीत आवाजात दोघांना म्हणाल्या, "अहो, जाऊ द्या हो. जाऊ द्या."

भावजींनी गाडी जाऊ दिली.

पाइपांची टोकं अजून आमच्या खिडक्यांशीच होती. ती आत घुसणार हे भावजींना दिसलं, आणि त्यांनी स्टिअरिंग दरीकडे कापलं. कठड्याचे दगड गडगडत खाली गेले. पुढचं चाक रस्त्याच्या बाहेर गेलं, बस पुढे झुकली आणि तशीच थांबली. माझ्या खिडकीतून मला रस्ता दिसत नव्हता, झाडांचे शेंडे दिसत होते. कोणी ओरडलं नाही. ओरडायलाही श्वास लागतो.

भावजींनी मान वळवली नाही. ब्रेकवर पाय तसाच दाबून ते म्हणाले, "सगळ्यांनी मागच्या दाराने उतरा. सावकाश." त्या शब्दाची मी आयुष्यभर टिंगल केली होती. त्या दिवशी त्याच्याच आधाराने मी एकेका बाईमाणसाला हात देत मागच्या दारापर्यंत पोचले. कोणाच्या केसालाही धक्का लागला नाही. ज्या ट्रकवाल्याशी भांडण जुंपलं होतं त्यानेच साखळी लावून बस मागे ओढली. तोवर भावजी एकटे आत बसून होते. खाली उतरल्यावर ते दगडावर बसले आणि पाणी मागितलं.

साहेबांनी दोघांना समोर उभं केलं आणि चूक कोणाची ते विचारलं. भावजी म्हणाले, "माझी." बाई म्हणाल्या, "माझी." साहेब वैतागले. चूक कोणीच कबूल करत नाही, याची त्यांना सवय होती, दोघंही कबूल करतात म्हटल्यावर काय करायचं ते त्यांना सुचेना. भावजींनी स्वतःच सपाटीचा मार्ग मागून घेतला, स्टेशन ते इस्पितळ. बाई पासाच्या खिडकीत बसल्या. त्यानंतर दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. लोकांना वाटलं, भांडण झालं. भांडण असतं तर बरं होतं, ते मिटवता तरी येतं. इथे दोघांनाही नुसती लाज वाटत होती.

घरात वेगळंच सुरू झालं. एकदा दूध उतू गेलं आणि ताई सहज म्हणाली, "जाऊ दे." भावजी खुर्चीत बसले होते. त्यांचा उजवा पाय एकदम फरशीवर दाबला गेला, इतका जोरात की मांडी थरथरायला लागली आणि हातातला कप खाली पडून फुटला. ते खाली वाकून तुकडे गोळा करत राहिले. ताईने त्या दिवसापासून तो शब्द घरातून हद्दपार केला.

आता सांगा, ज्या घरात "जाऊ दे" म्हणायची सोय नाही त्या घरात भांडण मिटायचं कसं? आम्हा दोघी बहिणींची भांडणं पूर्वी पाच मिनिटांची असायची. आता त्यांना शेवटच सापडेना. माझी कात्री तिच्या शिवणाच्या डब्यात सापडली. ती म्हणाली, तिचीच आहे. मी म्हटलं, माझ्या कात्रीच्या मुठीला लाल दोरा आहे. ती म्हणाली, दोरा तिनेच बांधलाय. तिथून आम्ही लहानपणीच्या एका फ्रॉकपर्यंत गेलो आणि तिथून आईने कोणाचे जास्त लाड केले इथपर्यंत. पूर्वी एव्हाना कोणीतरी "जाऊ दे गं" म्हणून चहा टाकला असता. आता दोघी तोंड फुगवून वेगवेगळ्या खोल्यांत, आणि भावजी मध्ये वर्तमानपत्र उघडून, एकच पान धरून.

सपाटीच्या मार्गावर ते वाळत चालले होते. मी त्यांना एकदा स्टेशनजवळ पाहिलं. सरळसोट रस्ता, पुढे सिग्नल, आणि हे त्याच सावधपणे चालवतायत, वळणच येत नाही म्हणून हिरमुसलेले. मला फार वाईट वाटलं.

इकडे घाटावर रोज नवा ड्रायव्हर. एकाच्या पाठीत कळ, दुसऱ्याच्या घरी पाहुणे. शेवटी साहेबांनी जाहीर करून टाकलं, की घाटाला कायमचा माणूस मिळाला नाही तर पुढच्या महिन्यापासून बस पायथ्यापर्यंतच जाईल. वर ज्याला जायचं त्याने चालत जावं. वरच्या गावात दुसरं वाहन नाही. अडलेल्या बाईला मी खाली आणते ती याच बसमधून. बस बंद झाली तर तिला खाटेवर घालून कोपरावरून उतरवणार का?

घरी येऊन मी हे सगळं भावजींना सांगितलं आणि माझा आवाज चढला. "तुम्ही नाही गेलात तर बस नाही. आता बोला."

"मला घाटाची भीती वाटत नाही," ते म्हणाले. "माझ्या कानाची वाटते. पुन्हा काही भलतंच ऐकलं तर? माझ्या मागे तीसचाळीस माणसं असतात. त्यात तू असतेस."

मी पिशवी खुंटीला अडकवली आणि आत चहा टाकायला गेले.

त्याच रविवारी कंडक्टरबाई आल्या. दारात उभ्या, पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली. बस बंद होणार, हे त्यांनीही ऐकलं होतं. ताईने त्यांना आत घेतलं. भावजी "बसा" म्हणाले. ज्या बाईचा आवाज झऱ्यापर्यंत जायचा ती आमच्या बैठकीच्या खोलीत ऐकू येईना झाली होती.

"काका," शेवटी त्या म्हणाल्या, "तुम्ही घाटावर जा. दुसरा कंडक्टर घ्या, पण जा. माझ्या तोंडामुळे बस बंद नको व्हायला."

भावजींनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "मी रोज त्यावरच विचार करतो, बाई. तुम्ही जे बोललात ते बरोबर होतं. भांडणाऱ्याला माणूस आणखी काय म्हणणार? आणि मी जे ऐकलं तेही बरोबर होतं. चूक त्या शब्दाची. एका शब्दाला आपण दोन नोकऱ्या दिल्या. दोन नोकऱ्या करणारा माणूससुद्धा कधीतरी डुलकी घेतो."

"मग एका नोकरीवरून त्याला काढून टाका," ताई म्हणाली. ती हे सहज म्हणाली, पण आम्ही तिघंही तिच्याकडे बघत राहिलो.

आणि मग आमच्या घरात शब्दाची शोधाशोध सुरू झाली. घाटात चुकूनही कोणाच्या तोंडी येणार नाही असा शब्द हवा. मी म्हटलं, "पुढे." बाई म्हणाल्या, "'पुढे काय झालं?' असं बसमध्ये अर्धी माणसं विचारत असतात." ताईने भाज्यांची नावं सुचवली, पण बाजाराच्या दिवशी बसमध्ये भाज्याच प्रवास करतात. हत्ती म्हटलं तर पोरं खिडकीबाहेर डोकी काढतील. उशी म्हटलं तर आवाज लांब जात नाही, शेवटाला आ हवा, असं भावजी म्हणाले. आता ते पुढे सरकून बसले होते. असं सरकून बसलेलं मी त्यांना कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं.

"गालिचा," ताई म्हणाली.

"गालिचा?"

"त्या रस्त्यावर धड खडी नाही असं तुम्हीच सांगता ना? मग तिथे गालिचा कोणाला आठवणार?"

बाई हसल्या. मग भावजी हसले, आधी नाकातल्या नाकात, मग खांदे हलेपर्यंत. बाईंनी उठून अंगणाच्या टोकाला जाऊन "गालिचा" अशी आरोळी ठोकली. शेजारचे आजोबा बाहेर येऊन विचारायला लागले, केवढ्याला देताय.

भावजी आणि बाई, दोघांनी साहेबांकडून घाटाची बस परत मागून घेतली. पण शब्द मिळाला तरी पाय तयार व्हावा लागतो. घाटावर परत जायच्या आदल्या संध्याकाळी भावजी वर्तमानपत्राचं एकच पान धरून बसले होते. मी त्यांना सांगितलं, की मी माझ्या नेहमीच्या सीटवर बसणार आहे, दरीच्या बाजूला. ताई घड्या घालत होती. ती खाली मान घालूनच म्हणाली, "तिच्या शेजारची जागा माझी. मी येते."

"तू?" भावजी म्हणाले.

"घरी बसून वाट बघण्याचाही कंटाळा येतो माणसाला."

सकाळी चढणं निर्विघ्न झालं. दिवसभर ताई दवाखान्यात बसून माझ्या बँडेजांच्या घड्या घालत होती, एकही गुंडाळी तिने तशी सोडली नाही. संध्याकाळी आम्ही उतरायला लागलो. बस गच्च भरली होती. सावकाशराव परत आलेत, हे गावभर झालं होतं. झऱ्यापाशी बस थांबली, भावजींनी चाकांचा वास घेतला आणि मागच्या सीटवरून कोणीतरी म्हणालं, "आता खरं वाटलं."

ताईने माझा हात धरला होता. तिचे डोळे गच्च मिटलेले. "आलं का ते कोपर?" ती दर वळणाला विचारायची.

कोपर आलं, आणि खालून दुधाचा टँकर आला. दुसरं काय येणार? दैवालाही थट्टा कळते.

भावजींनी बस थांबवली. मला आरशात त्यांचं कपाळ दिसत होतं, घामाने भिजलेलं. बाई खाली उतरल्या. "येऊ द्या." आवाज पहिल्यांदा जरा कापला. बस हलली नाही. मग पुन्हा, पूर्वीच्याच खणखणीत आवाजात, "येऊ द्या, काका. येऊ द्या. बास." तुटलेल्या कठड्याच्या जागी आता नवे दगड होते, त्यांच्यापाशी आम्ही उभे राहिलो. टँकर सरकू लागला. अर्ध्यात आल्यावर टँकरवाल्याने खिडकीतून डोकं काढलं. त्याला काय माहीत? तो खुशाल ओरडला, "जाऊ द्या, सावकाशराव, जाऊ द्या!"

मी भावजींच्या पायाकडे बघत होते. पाय ब्रेकवर होता आणि तिथेच राहिला. मांडी थरथरली नाही. त्यांनी फक्त मान थोडी कलती केली, दारावर कोणी ओळखीचं येणार असलं की माणूस करतो तशी.

टँकरचं शेपूट आमच्या मागच्या खिडकीवरून गेलं. मग बाई ओरडल्या, "गालिचा!"

बस पुढे निघाली. भावजींनी कोपर घेतलं, त्याच गिअरमध्ये, त्याच चालीने, आणि खालचा रस्ता समोर उघडला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते मी पुसलं नाही, कारण एक हात ताईने धरला होता आणि दुसऱ्या हाताने मी समोरचा दांडा धरला होता. साहेबांना आता कायमचा माणूस मिळाला होता. वरच्या गावाची बस वाचली होती.

खाली स्टँडवर माणसं उतरली. भावजी एकेकाला "सावकाश" म्हणत होते. सगळे गेल्यावर बाई त्यांच्या सीटजवळ येऊन उभ्या राहिल्या. पर्स पुन्हा पोटाशी धरलेली.

"काका, त्या दिवशी मी जे..."

भावजींनी हात वर करून त्यांना थांबवलं. हँडब्रेक ओढला. इंजिन बंद केलं. खाली उतरून चाकाखाली दगड लावला, तो पायाने दाबून पाहिला. मग वर बघून म्हणाले, "आता बोला."

"त्या दिवशी माझं चुकलं, काका."

"जाऊ द्या, बाई," भावजी म्हणाले.

तो शब्द त्यांनी कित्येक महिन्यांनी उच्चारला होता. बाई दाराचा दांडा धरून रडल्या आणि रडता रडता हसल्या. ताईने आता कुठे डोळे उघडले. तिने आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझा हात अजून तिने सोडला नव्हता.

"काय गं," ती म्हणाली, "ती कात्री तुझीच आहे. दोरा फक्त मी बांधला."

"जाऊ दे," मी म्हणाले.